सरकता सूर : ब्रिजभूषण काब्रा आणि मांडीवरची गिटार

गिटार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गॅदरिंगचं स्टेज, गळ्यात पट्टा अडकवून उभा असलेला थर्ड इयरचा एखादा हिरो आणि चार कॉर्ड्सवर निघणारी चाळीस गाणी! पण हीच गिटार कोणी मांडीवर आडवी ठेवली, तिच्या पडद्यांकडे साफ दुर्लक्ष केलं आणि हातातल्या पोलादी कांडीनं पहाटेचा अहीर भैरव वाजवायला घेतला तर?

असं वाजवणारा एक माणूस आपल्या देशात होऊन गेला. पंडित ब्रिजभूषण काब्रा. जन्म १९३७, जोधपूर, निधन २०१८. मी त्यांची अगदी भक्त आहे म्हटलं तरी चालेल. पण नुसती भक्ती मॅगझिनच्या चार पानांना पुरत नाही आणि आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, 'कसं काय होतं हे?' असं विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. म्हणून या लेखात थोडं गणितही आहे. घाबरू नका, एम-थ्रीइतकं नाही!

लेख लिहायला एक कारणही घडलं. माझ्या एका मैत्रिणीला एका स्पर्धेत स्लाइड गिटारवर राग भूप वाजवायचा होता. फॉर्म भरताना तिला सांगण्यात आलं की गिटार 'पाश्चात्त्य वाद्य' या गटात येते, 'भारतीय शास्त्रीय वादन' या गटात तिला घेता येणार नाही. राग भारतीय, ताल भारतीय, वाजवणारी सिडकोत राहणारी, तरी वाद्य परदेशी! तिनं नाव मागे घेतलं. प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. वाद्य कुठल्या देशाचं हे ठरवायचं कसं? त्याच्या जन्मगावावरून, की त्यातून निघणाऱ्या सुरावरून?

गिटार मांडीवर आली कशी?

गिटारवर पोलादाचा तुकडा सरकवून वाजवायची पद्धत हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुजली. तिचं श्रेय बहुतेक जण जोसेफ केकुकू या हवाईयन तरुणाला देतात. तिथून ती अमेरिकाभर पसरली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हवाईयन कलाकारांबरोबर भारतातही आली. ताऊ मो नावाचे हवाईयन गिटारवादक आपल्या कुटुंबासह १९४०च्या दशकात काही वर्षं कलकत्त्यात राहिले होते. पुढे मुंबईच्या फिल्म स्टुडिओंमध्ये व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांच्यासारख्या वादकांनी या गिटारवर हिंदी सिनेमाची गाणी वाजवली. त्यांच्या तबकड्या घरोघरी गेल्या. आपल्या आजी-आजोबांना 'हवाईयन गिटार' हा शब्द म्हणूनच परका वाटत नाही.

म्हणजे गिटार भारतात आली ती करमणुकीचं, सिनेमाचं वाद्य म्हणून. तिच्यावर पूर्ण राग आलापापासून झाल्यापर्यंत वाजवायचा, तोही ख्याल-धृपद ऐकून कान तयार झालेल्या श्रोत्यांसमोर, हे धाडस काब्रांचं. त्यांचे थोरले बंधू दामोदरलाल काब्रा सरोदवादक आणि दोघांचे गुरू उस्ताद अली अकबर खाँ. खाँसाहेब काही वर्षं जोधपूरच्या दरबारात होते. हे गुरू-शिष्याचं नातं इथे महत्त्वाचं आहे. सरोदलाही पडदे नसतात. धातूच्या गुळगुळीत पट्टीवर डाव्या हाताचं नख सरकवून सूर काढायचा असतो. नखाच्या जागी पोलादी कांडी आली, पण विचार सरोदाचाच राहिला.

काब्रांनी गिटार निवडली ती गिब्सन कंपनीची, सुपर ४०० या जातीची, पोटानं भरदार. तिच्या गळ्याजवळची पट्टी उंच करून तारा वर उचलल्या, म्हणजे कांडी खालच्या पडद्यांवर आपटणार नाही. शिवाय एक जादा तार बसवली, सतत 'सा' धरून ठेवणारी. बदल एवढेच, दोन. पण त्या दोन बदलांनी गिटारचा धर्म बदलला.

तारेचं गणित

आता फिजिक्स. ताणलेल्या तारेची फ्रिक्वेन्सी लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि दर मीटर वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. फ्रेंच विद्वान मर्सेन यांनी हा नियम १६३६ साली मांडला. आपण तो अकरावीत पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरलो.

एका तारेवर वाजवताना वजन काही बदलता येत नाही. उरल्या दोनच गोष्टी, लांबी आणि ताण. सूर वर-खाली न्यायचे जगातले सगळे मार्ग या दोनांतून निघतात.

सतारवादक मींड घेतो तेव्हा तार पडद्यावर आडवी ओढतो, म्हणजे ताण वाढवतो. षड्जापासून पंचमापर्यंत खेचायचं तर फ्रिक्वेन्सी दीडपट व्हायला हवी, म्हणजे ताण २.२५ पट! सतारवादकांच्या बोटांवर घट्टे का पडतात ते आता कळेल. स्लाइड गिटारवाला ताणाला हातच लावत नाही. तो लांबी बदलतो. कांडी पुढे सरकली, तार आखूड झाली, सूर चढला. जोर लागत नाही, पण नेमकेपणा लागतो. किती? बघू या.

साधारण गिटारची तार ६४८ मिलिमीटर धरू आणि मोकळ्या तारेला 'सा' म्हणू. शुद्ध गंधाराचं गुणोत्तर ५/४, म्हणजे कांडी अशा जागी ठेवायची की तार ५१८.४ मिमी उरेल. पण गिटारचा चौथा पडदा, ज्याला आपण 'ग' म्हणतो, तो तार ५१४.३ मिमी उरेल अशा जागी ठोकलेला असतो. कारण पडदे सप्तकाचे बारा समान भाग पाडून बसवलेले असतात. म्हणजे तंबोऱ्याबरोबर विरघळून जाणारा गंधार पडद्याच्या चार मिलिमीटर अलीकडे आहे! पडद्याशी बांधलेल्या गिटारला तो मुद्दाम तार खाली लावल्याशिवाय मिळत नाही. कांडीला तो सहज मिळतो, जागा माहीत असेल तर.

आणखी एक उदाहरण. कोमल गंधार एकच नसतो हे गाणं शिकणाऱ्यांना माहीत आहे. एक ६/५ या गुणोत्तराचा, दुसरा ३२/२७ चा, जरा उतरलेला. आपल्या तारेवर या दोघांमधलं अंतर येतं ६.७५ मिमी. वरच्या सप्तकात तेच निम्मं, जेमतेम ३.४ मिमी. वर्कशॉपमध्ये व्हर्निअर कॅलिपर हातात असूनही आपली किती तारांबळ उडते, आठवा! इथे व्हर्निअर नाही, खूण नाही, नजर तारेवर ठेवायचीही फुरसत नाही. शेवटचा निवाडा कानाचा.

त्यात वर जावं तशी जागा आकसत जाते. मोकळ्या तारेच्या टोकाला हात एक मिलिमीटर चुकला तर सूर पावणेतीन सेंटनं हलतो (एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट). तार निम्मी झाली की तीच चूक सव्वापाच सेंटची होते, पाव झाली की पावणेअकरा सेंटची. तयार कानाला ही चूक लगेच खुपते. काब्रा तार सप्तकात गेले की म्हणूनच मी श्वास रोखून ऐकते. तिथे प्रत्येक सूर डोळे मिटून सुईत दोरा ओवण्यासारखा आहे आणि ते ओवत जातात, तेही घाई न करता.

डाव्या हाताची आणखी एक मेहनत ऐकणाऱ्याला दिसत नाही. कांडीच्या मागे उरलेला तारेचा तुकडाही कंप पावतो आणि भलताच सूर देतो. कांडीमागे बाकीची बोटं तारेवर हलकी टेकवून तो गप्प करावा लागतो. म्हणजे एकच हात एकाच वेळी सूर काढतो आणि नको ते सूर झाकतो. कांडी जड असावी लागते त्याचंही कारण हेच गणित आहे. हलकी कांडी तारेबरोबर स्वतः थरथरते आणि तारेची ऊर्जा खाऊन टाकते. जड कांडी भिंतीसारखी उभी राहते, लाट परत फिरते, सूर लांबतो.

पेडल कशासाठी?

याच हवाईयन गिटारची अमेरिकेत झालेली पुढची आवृत्ती म्हणजे पेडल स्टील गिटार. ती बघितली तर मेकॅनिकलवाले खूश होतील. चार पायांवर उभं टेबलासारखं वाद्य, बहुधा दहा तारा, खाली पायानं दाबायची पेडल्स, गुडघ्यानं ढकलायच्या दांड्या आणि पोटात रॉड, क्रँक आणि स्प्रिंगांचं जाळं. पेडल दाबलं की ठराविक तारेचा ताण वाढतो. एक पूर्ण स्वर चढवायला ताण सुमारे २६ टक्के वाढवावा लागतो आणि पेडल सोडलं की तार पुन्हा अचूक मूळ जागी यावी लागते. बड आयझॅक्स यांनी १९५४ सालच्या 'स्लोली' या वेब पिअर्सच्या गाण्यात हा चढता सूर ऐकवला आणि अमेरिकन कंट्री संगीतातले स्टीलवादक आपापल्या गिटारींना पेडल्स बसवू लागले. पुढे बडी एमन्स (१९३७ ते २०१५) यांनी वादन आणि वाद्याची रचना या दोन्ही बाबतींत ही कला कुठल्या कुठे नेली. गंमत बघा, एमन्स आणि काब्रा दोघांचं जन्मसाल एकच!

मग प्रश्न पडतो की काब्रांनी पेडल का बसवलं नाही? तंत्रज्ञान तर होतं.

उत्तर संगीतात आहे. कांडी सरळ असते. ती सरकवली की तिच्याखालच्या सगळ्या तारा एकाच गुणोत्तरानं चढतात, त्यांचं आपसातलं नातं बदलत नाही. पाश्चात्त्य संगीताला कॉर्ड्स बदलायच्या असतात, म्हणजे दोन तारा जागेवर राहून तिसरीच हलली पाहिजे. ते कांडीला जमत नाही, म्हणून पेडल. आपल्याकडे कॉर्ड बदलायचीच नसते. 'सा' पहिल्यापासून शेवटपर्यंत अढळ आणि त्याच्यासमोर एकच सुरावट हलते. मग आपल्याला हवी होती ती 'सा' धरून ठेवणारी तार. काब्रांनी नेमकी तीच बसवली. वाद्य एकाच मुळाचं, प्रश्न दोन, म्हणून उत्तरं दोन. डिझाइनच्या तासाला सर 'रिक्वायरमेंट आधी लिहा' म्हणतात ते यासाठीच असावं.

देवगिरीचा शार्ङ्गदेव

आता जरा घराजवळ येऊ. आपण वेरूळला निघालो की वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो. आपण त्याला भुलभुलैया आणि तोफेसाठी ओळखतो. पण तेराव्या शतकात इथे यादवराजा सिंघण याच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. काम हिशेबाचं, व्यासंग संगीताचा. त्यानं लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही पद्धती आजही प्रमाण मानतात. त्यातला सहावा अध्याय वाद्यांचा.

त्या अध्यायात एकतंत्री वीणेचं वर्णन आहे. एकच तार, पडदे नाहीत. उजव्या हातानं तार छेडायची आणि डाव्या हातात बांबूची एक कांडी धरून ती तारेवर सरकवायची. कांडीचं नाव कम्रिका. वाचताना मी दोनदा मागे जाऊन तपासलं. हवाईच्या पोलादी कांडीच्या सहाशेहून अधिक वर्षं आधी, वेरूळपासून तासाभराच्याही आतल्या अंतरावर बसून एका माणसानं स्लाइड वादन लिहून ठेवलं होतं! काचेचा किंवा दगडाचा गोळा सरकवून वाजवतात ती विचित्र वीणा, आणि दक्षिणेतला गोट्टुवाद्यम म्हणजेच चित्रवीणा, ही याच कल्पनेची नंतरची रूपं.

शिवाय शार्ङ्गदेवानं बावीस श्रुती समजावून द्यायला प्रत्येकी बावीस तारांच्या दोन वीणा घेऊन प्रयोग सांगितला आहे. एक वीणा स्थिर ठेवायची, दुसरी क्रमाक्रमानं उतरवत न्यायची. आपल्या भाषेत सांगायचं तर एक रेफरन्स आणि एक टेस्ट सेटअप. जर्नलमध्ये लिहिण्यासारखी प्रोसिजर आहे!

तिथून पुढे वेरूळला गेलं की कैलास लेण्यात ते प्रसिद्ध शिल्प दिसतं, रावण कैलास पर्वत हलवतो आहे आणि शंकर नुसत्या पायाच्या अंगठ्यानं तो दाबून धरतो आहे. कथा पुढे अशी सांगतात की चिरडलेल्या रावणानं आपल्याच शरीरातल्या शिरांच्या तारा करून वीणा वाजवली आणि शंकराला प्रसन्न केलं. कथा म्हणून वाचा, पण तिचं म्हणणं मला आवडतं. वाद्याचं सामान कुठून आलं याला तिथे किंमत नाही, त्यातून काय वाजलं याला आहे.

'परकं' कोण?

आता मूळ प्रश्न. गिटार परकी म्हणावी का?

व्हायोलिन युरोपातून आलं. एकोणिसाव्या शतकात बाळुस्वामी दीक्षितारांनी ते कर्नाटक संगीतात आणलं आणि आज त्याच्याशिवाय तिथली मैफल उभी राहत नाही. आपल्या संगीत नाटकांचा ऑर्गन आणि हार्मोनिअमही बाहेरूनच आले. १९४० साली आकाशवाणीनं हार्मोनिअमवर बंदी घातली, ती १९७१पर्यंत पूर्ण उठली नव्हती. त्या बंदीमागचा संगीतातला आक्षेप असा की हार्मोनिअमचे सूर ठोकून बसवलेले, त्यावर मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत. आक्षेप बरोबर असो वा नसो, कसोटी तरी सुराची होती. मग त्याच कसोटीवर स्लाइड गिटार घासून बघा. मींड तर तिचा स्वभावच आहे आणि श्रुती वरच्या मिलिमीटरच्या हिशेबात आपण मोजल्या. या परीक्षेत ती डिस्टिंक्शननं पास होते.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. चॅपलच्या पियानोवर 'डो रे मी' पाठ झालं तेव्हा सूर म्हणजे एकेक खोली, मध्ये भिंती, अशी माझी समजूत होती. मराठीही शाळेत एका तासापुरती आणि घरी पोटभर. अशा मुलीला भारतीय रागाचं दार उघडून दिलं ते गिटारनं, हे मला फार मोलाचं वाटतं. माझ्या कानाला ओळखीचा आवाज होता, म्हणून मी थांबून ऐकलं, आणि ऐकता ऐकता भिंती गेल्या.

तो आवाज होता 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीतला. साल १९६७. काश्मीरच्या दरीतल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांमधून सांगायचा अशी कल्पना. निर्माते एचएमव्हीचे जी. एन. जोशी, म्हणजे आपले भावगीत गायक. संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, गिटार ब्रिजभूषण काब्रांची आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. तिघे वादक तेव्हा तिशीच्या आसपासचे. संतूर तोवर काश्मीरच्या सूफियाना संगीतातलं वाद्य, बासरीला रागसंगीतात मान मिळून फार काळ झाला नव्हता आणि गिटार तर हवाईयन! तीन 'उपऱ्या' वाद्यांची ही तबकडी भारतीय शास्त्रीय संगीताच्या सगळ्यात जास्त ऐकल्या गेलेल्या तबकड्यांपैकी एक ठरली. विलायतेतही गाजली.

ऐकताना एक गोष्ट जरूर करा. संतूर आणि गिटार पाठोपाठ येतात तेव्हा फरक टिपा. संतूरच्या तारेवर काडी पडते, सूर थेंबासारखा सुटा पडतो, तो ओढता येत नाही. गिटारचा सूर ओघळत येतो. अहीर भैरवातल्या कोमल रिषभावरून षड्जावर उतरायचं म्हणजे आपल्या तारेवर चाळीस मिलिमीटरचा प्रवास. त्या चाळीस मिलिमीटरमध्ये काब्रा काय काय करतात! मध्येच रेंगाळतात, वेग बदलतात, षड्जाच्या उंबऱ्यावर थांबून मग आत येतात. कांडी जड पोलादाची आहे हे विसरायला होतं. गळाच गातो आहे असं वाटतं.

काब्रांचा रस्ता पुढे रुंद झाला. कलकत्त्याचे देबाशिष भट्टाचार्य हे त्यांचे शिष्य. त्यांनी चतुरंगी, गांधर्वी आणि आनंदी अशा आपल्या गिटारी तयार केल्या. जयपूरचे विश्वमोहन भट्ट, रविशंकरांचे शिष्य, यांनी तरफेच्या तारा बसवून मोहनवीणा घडवली आणि राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाबरोबर केलेल्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या अल्बमला १९९४ साली ग्रॅमी मिळालं.

करून बघा

लेख वाचून बाजूला ठेवू नका. होस्टेलमधली कुणाची तरी गिटार घ्या. गळ्याच्या टोकाशी, जिथून तारा निघतात तिथे, तारांखाली एक पेन्सिल सरकवा, तारा उंच होतील. गिटार मांडीवर आडवी ठेवा. हातात कांडी म्हणून स्पॅनर सेटमधलं गुळगुळीत सॉकेट चालेल. फोनवर तंबोरा लावा, एकच तार निवडून ती 'सा'ला जुळवा. तार दाबू नका, सॉकेट फक्त टेकवा, आणि दोन पडद्यांच्या मध्ये नाही तर थेट पडद्याच्या वर. मागची बोटं तारेवर हलकी ठेवा. आता चौथ्या पडद्यावर जा, 'ग' वाजवा आणि सॉकेट अगदी सावकाश मागे सरकवा. तंबोऱ्याशी होणारी किरकिर कमी होत होत चार मिलिमीटरवर अचानक निवेल. तो गंधार! पहिल्या दिवशी तो सापडून निसटेल. काब्रांनी हे आयुष्यभर केलं, हे तेव्हा बोटांना कळेल.

आणि माझ्या मैत्रिणीसाठी एक निरोप. पुढच्या वर्षी फॉर्म पुन्हा भर. 'वाद्य' या रकान्यात गिटार लिही आणि खाली कंसात लिही : शार्ङ्गदेवाच्या कम्रिकेची पुतणी. गट कोणता ते त्यांना ऐकून ठरवू दे. तू फक्त भूपाचा गंधार जागेवर लाव.